जिताडा नव्हे, बास: बाबांबरोबर लेक फोर्कवर

बाबा डॅलसला आले की पहिले पंधरा दिवस मजेत जातात. मग अंगणातल्या येरझाऱ्या सुरू होतात. नातू शाळेत, आम्ही दोघं ऑफिसात, आई मालिकेत. फिरायला रस्ते ऐसपैस, पण वाटेत थांबवून "काय मास्तर, कुठं निघालात?" असं विचारणारं कुणी नाही. यंदा मार्चच्या मध्यावर मला राहवेना. म्हटलं, "बाबा, गरवायला येता का?"

पेणच्या खाडीकाठच्या खारेपाटात जन्म काढलेला माणूस. चहाचा कप खाली ठेवला. "कुठला मासा?"

"बास."

"म्हणजे जिताडाच की!"

चूक त्यांची नव्हती. जिताडा म्हणजे आमच्याकडचा खाडीतला मासा; त्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात, हे त्यांनी कधीतरी मत्स्यशेतीच्या एका पत्रकात वाचलं होतं. टेक्ससातला लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला मासा. दोघांत साम्य म्हणाल तर मोठं तोंड आणि इंग्रजांनी सढळ हाताने वाटलेलं नाव, एवढंच. पण बाबांचा चेहरा इतका उजळला होता की मी गप्प बसलो. ते नंतर मला महागात पडलं.

आदल्या दिवशी दोघांची लायसन्सं काढली, बाबांचं पाहुण्यांसाठीचं एका दिवसाचं. धरमतरच्या खाडीवर साठ वर्षं गळ टाकला, कुणी कागद मागितला नाही, हे त्यांनी मला दोनदा ऐकवलं. शनिवारी पहाटे चारला निघालो. आय-थर्टीने ग्रीनव्हिल, तिथून ६९ नंबरच्या रस्त्याने एमरी. प्रवासाचं वर्णन करण्यासारखं काही नाही. बाहेर अंधार होता आणि बाबा कानटोपी घालून घोरत होते.

उजाडलं तेव्हा लेक फोर्क समोर होता, आणि पाण्यातून शेकडो वाळकी झाडं वर आलेली. बाबा म्हणाले, "पूर आलाय काय रे?" पूर नव्हे, धरण. साबीन नदीला मिळणाऱ्या ओढ्यावर बांध घालून १९८० मध्ये इथं पाणी अडवलं. पसारा सुमारे २७,००० एकर. अडवताना सगळी झाडं तोडली नाहीत, बरंचसं रान उभंच्या उभं बुडू दिलं. त्यात सरकारी वन्यजीव खात्याने फ्लोरिडा जातीचा, अंगाने थोराड होणारा बास सोडला. लपायला लाकूड आणि खायला बारकी मासळी मुबलक, मग काय! १९८६ च्या नोव्हेंबरात मार्क स्टीव्हन्सन नावाच्या गाईडला १७.६७ पौंडांची मादी लागली. तिचं एथेल असं बारसं झालं आणि ती पुढे मिसुरीतल्या एका दुकानाच्या काचेच्या टाकीत राहिली. तिचाही विक्रम २४ जानेवारी १९९२ ला बॅरी सेंट क्लेअरने मोडला, १८.१८ पौंड, म्हणजे जवळपास सव्वाआठ किलो. तोच आजही टेक्ससचा विक्रम आहे. गंमत अशी की तो बास पकडायला गेलाच नव्हता. क्रॅपी नावाच्या तळहाताएवढ्या माशासाठी बारकी जिवंत मासोळी लावून बसला होता. ही गोष्ट बाबांना फार पटली. "बघ! जिवंत आमिष!"

धक्क्यावर आमचा गाईड वाट बघत होता. साठीचा, पूर्व टेक्ससचा, दर वाक्याला "येस सर" म्हणणारा. निवृत्त मास्तरांना वर्षानुवर्षांत इतका मान कुणी दिला नव्हता. होडी बघून मात्र बाबा थबकले. एकवीस फुटांची, फायबरची, लाल रंगात चमकी मिसळलेली, अगदी शालू नेसल्यासारखी. मागे अडीचशे हॉर्सपॉवरचं इंजिन.

"अडीचशे घोडे! मासे धरायचेत का लढाईला जायचंय?"

घोड्यांची गरज असते ती पल्ला गाठायला. सकाळची वेळ थोडी आणि तलाव मोठा, म्हणून एका ओढ्याच्या तोंडातून दुसऱ्याकडे झटकन पोचायचं. तेही बोयांनी, म्हणजे तरंगत्या खुणांनी, आखलेल्या वाटेतूनच. वाट सोडली की पाण्याखालचा बुंधा कधी आडवा येईल नेम नाही. गाईडने लाइफ जॅकेटं घालायला लावली आणि इंजिन बंद पाडणारी लाल दोरी स्वतःच्या जॅकेटला अडकवली. चालवणारा पाण्यात पडला तर दोरी सुटून इंजिन आपोआप थांबतं. एप्रिल २०२१ पासून अशा होड्यांना ती कायद्यानेच लावावी लागते.

खरी मासेमारी सुरू होते ती मोठं इंजिन बंद केल्यावर. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, एक बॅटरीची मोटर असते, ट्रोलिंग मोटर. बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून छत्तीस व्होल्ट. पायाखालच्या पेडलने तिला वळवायचं, म्हणजे हात रॉडला मोकळे. एक बटण दाबलं की उपग्रहाच्या आधाराने होडी वाऱ्यातही जागच्या जागी थांबते, नांगर टाकायची गरज नाही. पुढे-मागे सपाट फळी, कारण दिवसभर उभं राहूनच टाकायचं असतं, आणि काठ बुटके, मासा वाकून उचलता यावा म्हणून. मला स्वतःला विचाराल तर होडीवर एवढा पैसा घालण्यात अर्थ नाही. छोटी अ‍ॅल्युमिनियमची होडी, चांगली ट्रोलिंग मोटर आणि ताज्या बॅटऱ्या असल्या की हौशी माणसाचं नव्वद टक्के काम होतं.

पाण्याखालचं दाखवणारे पडदे मात्र तीन होते. त्यातल्या एकावर होडीसमोरचा मासा चालता-फिरता दिसतो. आपलं आमिष त्याच्या नाकासमोर पडतं, तो वळतो, मागे येतो, बेत बदलून निघून जातो, सगळं थेट. स्पर्धांमध्येही आता या यंत्रावर मर्यादा आल्यात. मला ते बघताना दुसऱ्याच्या खिडकीत डोकावल्यासारखं होतं. बाबा पाच मिनिटं बघत राहिले. "हा येत नाही म्हणतोय ते इतकं स्पष्ट बघायचं कशाला?" गाईड हसला आणि त्याने तो पडदा बंद केला.

पाणी साठ फॅरनहाइटच्या आसपास होतं, म्हणजे पंधरा-सोळा सेल्सिअस. हाच काळ: माद्या अंडी घालायला खोल पाण्यातून उथळाकडे सरकतात आणि वाटेत ओढ्याच्या कडेला, झाडांच्या बुडाशी रेंगाळतात. गाईडने दोघांना टेक्सस रिग बांधून दिला. बाबांनी चष्मा पुसून सगळं निरखलं, तर तुम्हीही निरखा. सात फुटी रॉड, सतरा पौंडांचा ताण सोसणारा तंगूस, म्हणजे गळाची दोरी. तंगुसात आधी बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं सात ग्रॅमचं वजन ओवायचं, टोक पुढे, आणि त्याच्याखाली मान वाकवलेला गळ. मग दहा इंची प्लॅस्टिकचं गांडूळ घ्यायचं, जांभळं. गळाचं टोक गांडुळाच्या डोक्यात पाव इंच खुपसून बाजूने बाहेर काढायचं, गळ फिरवायचा, डोकं गळाच्या मानेपर्यंत सरकवायचं आणि टोक पुन्हा गांडुळाच्या पोटात, कातडीच्या अगदी लगत लपवायचं. असा झाकलेला गळ फांद्यांमधून अलगद घसरत जातो, लाकडात रुतत नाही. बुडालेल्या रानातल्या माशासाठी याहून सोपी युक्ती नाही.

"आणि हे प्लॅस्टिक तो खाणार?" बाबा.

या प्लॅस्टिकचीही कुळकथा आहे. ओहायोतल्या अ‍ॅक्रन गावी निक क्रीम नावाच्या कारागिराने १९४९ मध्ये घरच्या शेगडीवर प्लॅस्टिक वितळवून साच्यात गांडुळं ओतली. पुढे त्याचा कारखाना टेक्ससात टायलरला आला, या तलावापासून जेमतेम तासाभराच्या वाटेवर. बाबांना यातलं शेगडीचं तेवढं लक्षात राहिलं. "बायकोने स्वयंपाकघरात येऊ दिलं म्हणायचं."

आता माझी फजिती. बेटकास्टिंग रीलचं रीळ टाकताना स्वतः गरगर फिरतं. आमिष हवेत मंदावलं तरी रीळ आपल्या वेगाने फिरतच राहतं, म्हणून अंगठ्याने त्याला हलकेच आवरावं लागतं आणि आमिष पाण्याला टेकताक्षणी दाबून थांबवावं लागतं. मी वाऱ्यावर टाकलं, अंगठा उचलला, आणि रिळात सुगरणीचा खोपा झाला. वीस मिनिटं तो सोडवत बसलो. गाईडने बाबांना शहाणपणाने साधं स्पिनिंग रील दिलं होतं.

बाबा तोवर त्यांच्या पद्धतीने लागले होते. रॉड आडवा मांडीवर आणि तंगूस उजव्या तर्जनीवरून घेतलेला, जसा खाडीत हातात धरतात तसा. अचानक म्हणाले, "आला." रॉडचं टोक हललंसुद्धा नव्हतं. "दोनदा टुकटुक केलं. आता सरकतोय." गाईड ओरडला, हिसका मार! बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं. "थांब. गिळू दे."

गिळायला ती जिवंत कोलंबी थोडीच होती! जिवंत आमिषावर माशाला वेळ द्यायचा असतो, तो चव घेऊन आत ओढतो. बास प्लॅस्टिक तोंडात घेतो आणि ते खोटं आहे हे कळलं की क्षणात थुंकून टाकतो. बाबांनी तंगूस ओढला तर नुसतं गांडूळ आलं, शेपटाकडून कुरतडलेलं. असे त्यांनी तीन घालवले. माझ्या बोटांना त्यातला एकही कळला नसता हे खरं, पण कळून उपयोग काय! मी समजावत होतो, ते मान हलवत होते, आणि टुकटुक झाली की साठ वर्षांची सवय पुन्हा त्यांचा हात धरत होती.

चौथ्या वेळी गाईड मागे येऊन उभा राहिला. बाबांनी नुसतं "आ" केलं, तोच त्याने त्यांच्या हातांवर हात ठेवून रॉड खाडकन वर ओढला. रॉड कमान झाला. मासा झाडाकडे पळाला, गाईडने पेडल दाबून होडी उलट्या बाजूला खेचली, बाबा "अरे अरे अरे" करत रील फिरवत राहिले. पाणी फुटलं आणि बास अर्धा हवेत आला, जबडा उघडा, मान झटकत. "ढिला सोडू नका!" मी किंचाळलो. दोन मिनिटांत तो काठाशी आला. गाईडने अंगठा त्याच्या खालच्या ओठात घालून उचलला. दात म्हणजे नुसती खरखरीत कानस, त्यामुळे हाताला काही होत नाही. हिरवट पाठ, कुशीवर काळा पट्टा, पोट टम्म.

पट्टीवर एकवीस इंच. बाबांनी पिशवी उघडली.

मला सांगावं लागलं. लेक फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवता येत नाही. दिवसाला पाच मासे नेता येतात, पण त्याहून छोटे. चोवीस किंवा वरचा फार तर एक.

"म्हणजे बारका न्या आणि खाण्याजोगा सोडा?"

"बाबा, हीच मापं पुढे अंडी घालतात."

"गाबोळी आहे तिच्या पोटात, दिसतंय मला." ते थोडा वेळ तिच्याकडे बघत राहिले. मग हसून म्हणाले, "पहिल्या पावसात मासा अंडी घालायला चढतो, त्या वलगणीला आपण नेमकी हीच धरतो की रे."

मी त्यांना रे स्कॉटबद्दल सांगितलं. अलाबामातला विमाएजंट, ज्याने १९६७ मध्ये बासच्या स्पर्धा भरवायला सुरुवात केली आणि १९७२ पासून पकडलेला मासा जिवंत सोडायची मोहीम चालवली. होडीत जी खेळत्या हवेची पाण्याची टाकी असते, ती त्या रिवाजापायीच. स्पर्धक दिवसभर मासे तिच्यात जिवंत ठेवतो, वजन करतो आणि सोडतो. "विमावाला," बाबा म्हणाले, "म्हणजे हप्ते भरायचे, हातात काही नाही." पण मादी त्यांनी स्वतः सोडली. दोन्ही हातांनी पाण्यात धरली, शेपूट हलेपर्यंत थांबले. ती गेल्यावर हात पँटला न पुसता नाकाशी नेले. "वास शेवाळाचाय. खाडीचा नाही."

दुपारपर्यंत त्यांनी आणखी दोन काढले, आता कुणी मागे उभं न राहता. मी एक, चौदा इंची. तो नेता आला असता, पण माझाच मासा आणि बाबांचा नाही, हे मला जमेना. सोडला.

परतताना आईचा फोन. "आणलंत काय? मसाला वाटून ठेवलाय."

गाडीत शांतता पसरली. ग्रीनव्हिल ओलांडलं, डॅलस जवळ आलं, आणि मी एका आशियाई किराणा दुकानासमोर गाडी थांबवली. फ्रीझरमधून एक पाकीट काढून बाबांच्या हातात दिलं. वर लिहिलं होतं बॅरामुंडी. म्हटलं, "हा खराखुरा जिताडा. एशियन सी बास तो हाच."

बाबांनी पाकीट उलटंसुलटं केलं. आत पांढऱ्या, एकसारख्या कापलेल्या चार तुकड्या.

"आणि डोकं?"

"डोकं इथं टाकून देतात, बाबा."

त्यांनी पाकीट पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवलं, झाकण ओढलं आणि कोलंबीच्या टोपल्यांकडे निघाले.