पहिला हप्ता भरण्याआधी

बारावीचा निकाल लागला की माझा फोन वाजू लागतो. कॉलेजच्या ऑफिसात प्रवेशाचं टेबल मी बरीच वर्षं सांभाळलं, त्यामुळे पालक हक्कानं विचारतात, "ताई, हे कॉलेज सरकारी की खासगी?" तुम्हीही तेच विचारलंत म्हणून सविस्तर सांगते.

कायदा इमारत कुणाची हे बघून थांबत नाही. पदवी कोण देतं आणि ते विद्यापीठ कुठल्या कायद्यानं उभं आहे, हे आधी बघायचं. मुंबई, पुणे, नागपूर, कोल्हापूर इथली आपली जुनी विद्यापीठं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 खाली येतात. राज्यपाल त्यांचे कुलपती. नोंदणीकृत पदवीधर अधिसभेवर, म्हणजे विद्यापीठाच्या सिनेटवर, 10 प्रतिनिधी निवडून पाठवतात. पदवीधर म्हणून माझं मत तिथे मोजलं जातं, याचं मला फार अप्रूप आहे.

या विद्यापीठांना संलग्न असलेली बहुतेक कॉलेजं मात्र खासगी संस्थांची आहेत. साताऱ्याचं छत्रपती शिवाजी कॉलेज घ्या. 1947 साली ते रयत शिक्षण संस्थेनं काढलं, सरकारनं नव्हे. पण पदवी सार्वजनिक विद्यापीठाची. अशा कॉलेजात अनुदानित तुकडी असेल तर शिक्षकांचा पगार सरकार देतं. त्याच इमारतीत शेजारच्या वर्गात विनाअनुदानित तुकडी भरते आणि तिची फी वेगळी असते. कॉलेज 'स्वायत्त' झालं तर अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती येतात, सरकारी मात्र ते होत नाही.

'अभिमत' या शब्दानं तर भलेभले गोंधळतात. अभिमत म्हणजे विद्यापीठ मानलेली, स्वतःची पदवी देणारी संस्था. हा दर्जा विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 1956 च्या कायद्याच्या कलम 3 नुसार केंद्र सरकार देतं. अभिमत म्हणजे खासगीच, असं नाही. मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था 1964 पासून अभिमत आहे आणि ती केंद्राच्या पैशावर चालते.

उरली खासगी, म्हणजे स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं. त्यांनाही विधिमंडळाच्याच कायद्यानं जन्म मिळतो, म्हणून पदवी कायदेशीर असते. मात्र ती सरकारी अनुदानावर चालत नाहीत. खर्चाचा भार मुख्यतः फीवर पडतो.

आमच्या ओळखीतल्या एका रिक्षावाल्या दादांनी फाटकावर 'विद्यापीठ' वाचलं आणि सरकारी समजून मुलीचा पहिला हप्ता भरून टाकला. फीसवलत मिळणार नाही हे त्यांना नंतर कळलं. पावती घेऊन ते माझ्या दारात आले तेव्हा त्यांना धीर देण्यापलीकडे मला काही करता आलं नाही. म्हणून म्हणते, अर्ज भरताना तीन गोष्टी लेखी मागा: पदवी कुठल्या विद्यापीठाची, तुकडी अनुदानित की विनाअनुदानित, आणि तुमच्या मुलीला कोणती शिष्यवृत्ती लागू आहे. उत्तर नीट कळलं नाही तर तो कागद मला पाठवा. रात्री उशिरा पाठवलात तरी चालेल, फक्त पैसे भरण्याआधी पाठवा.