लेक लॅनियरवर दोन इंजिनांची जेट बोट: धक्क्याला लावताना काय कळलं

जूनमधल्या एका शनिवारी आम्ही तीन कुटुंबं अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला लेक लॅनियर या तलावावर गेलो. बोट भाड्याची, २४ फुटी, दोन इंजिनांची यामाहा जेट. दिवस सुरेख गेला. मुलं पोहली, दुपारी एका बेटाच्या आडोशाला नांगर टाकून जेवलो. पण लिहायचं आहे ते शेवटच्या वीस मिनिटांबद्दल, कारण जॉन्स क्रीक-कमिंग भागातली बरीच मराठी मंडळी उन्हाळ्यात याच तलावावर जातात आणि बोट परत धक्क्याला लावताना काय होतं हे आधी कोणी नीट सांगत नाही.

जेट बोटीला पाण्याखाली पंखा नसतो आणि सुकाणूचं पातंही नसतं. इंजिन पंप फिरवतं, पंप बोटीच्या तळातून पाणी ओढून मागे जोरात फेकतो आणि चाक फिरवलं की त्या झोताचं तोंड वळतं. रिव्हर्ससाठी झोतावर एक बादलीसारखं झाकण उतरतं आणि पाणी पुढच्या दिशेला वळवतं. न्यूट्रलमध्ये हे झाकण अर्धवट उतरलेलं असतं. पंप तेव्हाही फिरतच असतो, म्हणून बोट किंचित सरकत राहते. झोत कमी झाला की वळण्याची ताकदही गेली, ही गोष्ट डोक्यात पक्की बसायला हवी. भाऊच्या धक्क्याला लाँच लागताना लहानपणी पाहिलं होतं. इंजिन मंदावलं तरी तांडेल सुकाणूवर लाँच अलगद आत घ्यायचा. माझ्या मनात तेच चित्र होतं.

धक्का वीसेक फुटांवर आला आणि वेग जास्त वाटला म्हणून मी दोन्ही इंजिनांचे लिव्हर (प्रत्येकाला एक) न्यूट्रलला ओढले. डावीकडून वारा होता. या बोटी पाण्यात फार खोल बसत नाहीत, त्यामुळे वाऱ्याने पुढचं टोक लगेच उजवीकडे नेलं. मी चाक फिरवत राहिलो, बोट ऐकेना. शेजारी बांधलेल्या पाँटूनवर (सपाट तळाच्या तरंगत्या बोटीवर) आदळणार तेवढ्यात मित्राने मध्ये फेंडर (बोटीच्या कडेला लावायची फुगीर उशी) धरला. कोणाला लागलं नाही, पण पाय किंवा हात मध्ये घालून बोट अडवायचा मोह प्रत्येकाला होतो. निघण्याआधीच सगळ्यांना बजावा: अवयव मध्ये घालायचा नाही, फक्त फेंडर.

मग मी मागे गेलो, मोकळ्या पाण्यात पाच मिनिटं सराव केला आणि पुन्हा आलो. हा सराव सकाळी निघतानाच करायला हवा होता. चाक सरळ ठेवून डावा लिव्हर पुढे आणि उजवा मागे घेतला की बोट जवळजवळ जागच्या जागी उजवीकडे वळते. उलट केलं की डावीकडे. दोन्ही पंप एकमेकांच्या जवळ असल्याने हे वळण सावकाश होतं, घाई करून थ्रॉटल (इंजिनाचा जोर) वाढवू नका. रिव्हर्समध्ये चाक फिरवल्यावर मागचा भाग कुठे जातो हेही तिथेच बघून घ्या, सगळ्या बोटींची रचना सारखी नसते.

दुसऱ्यांदा वाऱ्याकडे तोंड करून आलो. धक्का डाव्या हाताला, साधारण तीस अंशांच्या कोनात, दोन्ही लिव्हर पुढच्या खाचेत, सर्वांत मंद गतीवर. टोक धक्क्याजवळ पोचताच चाक सरळ, डावा लिव्हर तसाच पुढे आणि उजवा रिव्हर्सला. या एका हालचालीत वेगही मोडला, टोक उजवीकडे फिरलं आणि मागचा भाग धक्क्याकडे आला. धक्का उजव्या बाजूला असेल तर लिव्हरची अदलाबदल करायची. चाक वापरायचं असेल तर आधी चाक, मग थ्रॉटलचा छोटासा झटका. उलट क्रमाने केलं की बोट आधीच भलतीकडे निघालेली असते.

फेंडर आणि दोऱ्या धक्का दिसायच्या आत तयार ठेवा, पण दोरीचं टोक पाण्यात लोंबू देऊ नका. इंजिन चालू आहे तोवर पंप ओढत असतो, दोरी क्षणात आत जाते. मागच्या पायरीवर कोणी पोहणारं असेल तर इंजिन पूर्ण बंद. बेटाला लागतानाही कंबरभर पाण्यातच इंजिन बंद करून चालत बोट ओढा, नाहीतर वाळू-खडे पंपात जातात.

जॉर्जियात धक्क्यापासून १०० फुटांच्या आत मंद गतीनेच जावं लागतं. १३ वर्षांखालच्या मुलांना चालत्या बोटीत लाइफ जॅकेट सक्तीचं आहे. १ जानेवारी १९९८ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना चालवण्याआधी बोटिंगचा अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो, तेव्हा तरुण भाचे-पुतणे चालवणार असतील तर तो आदल्या आठवड्यात उरकून घ्या. बोट परत करायची वेळ संध्याकाळी पाचची असेल तर चारलाच मरिनाच्या (बोटी ठेवायच्या बंदराच्या) तोंडाशी या. पाचला सगळेच परततात, लाटा उठतात आणि दुसरी फेरी मारायला जागा उरत नाही.