अकरा एकरांत हरीण कशाला मारता?

हा प्रश्न दर गणपतीत, दर दिवाळीत कुणीतरी विचारतंच. इथल्या, अमेरिकेतल्या मराठी मंडळाच्या जेवणात, गाडीत, आणि कोल्हापूरहून आत्याच्या फोनवर: "अगं, तुझा हात तरी कसा धजावतो?" हरीण का मारते, याचं उत्तर मी बऱ्याचदा दिलंय. पण एवढी सरकारी जंगलं पडलेली असताना घरामागच्या तुकड्यात का, याचं धड उत्तर मी कधीच दिलेलं नाही. तुम्ही विचारलंत म्हणून आज देते.

पहिलं थोडक्यात. आमच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातले लांडगे आणि प्यूमा शंभराहून जास्त वर्षांपूर्वीच संपले. हरणंही जवळजवळ संपली होती. गेम कमिशनने, म्हणजे राज्याच्या शिकार खात्याने, १९०६ पासून बाहेरच्या राज्यांतून आणून ती सोडली, आणि ती वाढली. आमच्या चेस्टर काउंटीत रानाचे तुकडे, मक्याची शेतं आणि घरांमागच्या बागा, म्हणजे त्यांची चंगळच. आम्ही जागा घेतली तेव्हा मागच्या रानात जुने ओक होते, पण गुडघ्याएवढंही ओकचं रोप नव्हतं. खाली नुसते नेचे, बाकी सगळं हरणांनी खाल्लेलं. एका कोपऱ्यात खोलीएवढ्या जागेला आठ फुटी जाळी मारली. काही वर्षांत आत ओक कमरेला आले, ट्रिलियमची रानफुलं फुलली. जाळीबाहेर अजून नेचेच. हा चौकोन मी तुमच्यातल्या कितीतरी जणांना दाखवलाय. तो पाहून तुम्ही म्हणता, मग सगळ्यालाच जाळी मार. सुरुवातीला मीही हेच म्हणत होते. पण जाळीने हरणं कमी होत नाहीत, शेजारच्या रानात जातात.

गोचिडींमुळे होणाऱ्या लाइम आजाराचं कारण मात्र मी देत नाही. तुम्हाला ते लगेच पटलं असतं. पण तो जंतू गोचिडीला मुख्यतः उंदरांकडून मिळतो, आणि अर्धवट खरं कारण पुढे करून मला सुटका नकोय.

आता अकरा एकर. आमच्या भागातली हरणं दूरच्या सरकारी जंगलात नाहीत. ती इथेच आहेत, पाच-दहा-पंधरा एकरांच्या तुकड्यांत. इथे बंदूक चालवायची तर कुणाच्याही राहत्या घरापासून, त्याची परवानगी नसेल तर, १५० यार्ड दूर राहावं लागतं. धनुष्यासाठी ५० यार्ड पुरतात. आमची जागा साधारण चौकोनी, एक बाजू २३० यार्डांच्या आसपास. चहूकडच्या घरांभोवती १५० यार्डांची वर्तुळं काढली की बंदुकीला काहीच उरत नाही. म्हणून धनुष्य, आणि झाडावर मचाण, आजोळी उसात रानडुकरं हाकलायला मामा ज्यावर रात्र काढायचा त्या माळ्यासारखं.

बाण दोन्ही फुप्फुसांतून आरपार गेला तरी हरीण जागच्या जागी पडत नाही. पन्नास, शंभर, कधी दीडशे यार्ड धावतं. सगळा काही सेकंदांचा मामला. पण जागेच्या अगदी मधोमध उभं असलेलं हरीणसुद्धा जवळच्या हद्दीपासून ११५ यार्डांवरच असतं. सरकारी जंगलात हा प्रश्नच येत नाही. इथे प्रत्येक बाणाला तो आहे.

नोव्हेंबरातली दुपार होती. मादी ओढ्याच्या अंगाने आली, मागे त्याच वर्षीचं, आता मोठं झालेलं पाडस. अठरा यार्डांवर ती आडवी उभी राहिली. बाण लागायला हवा तिथेच लागला. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढचं ऐकून प्रत्येकाला वाटतं की नेम चुकला असणार. अर्धा तास वरच बसले, तसं बसायचंच असतं. उतरून बाण उचलला. पिसांपर्यंत भिजलेला, रक्त गुलाबी, त्यात बारीक बुडबुडे. म्हणजे फुप्फुसं. मेपलच्या पिवळ्या पानांवर दर दोन पावलांवर तेच रक्त, सरळ पूर्वेच्या हद्दीकडे. तिथल्या बुंध्यांवर जांभळे पट्टे. २०२० पासून आमच्या राज्यात बहुतेक ठिकाणी जांभळा पट्टा म्हणजे आत यायचं नाही, वेगळी पाटी लागत नाही. पट्ट्यांपलीकडे चाळीसेक पावलांवर ती पडलेली दिसत होती. पाडस तिथेच घुटमळत होतं.

धनुष्य घरी ठेवलं आणि रस्त्याने वळसा घालून त्या घराची बेल वाजवली. बाई सत्तरीच्या, एकट्या राहतात, आमचं जाणंयेणं होतं. म्हटलं, हरीण तुमच्याकडे येऊन पडलंय, रिकाम्या हाताने येते, दहा मिनिटांत ओढून नेते. त्या म्हणाल्या, "नको. ती इथे निर्धास्त असतात. तुम्हाला नेऊ दिलं तर त्यात मीही आले." मी म्हटलं, ती मेलीय हो. त्या म्हणाल्या, ठाऊक आहे.

शिकार खात्याच्या वॉर्डनला फोन केला. तो नीट बोलला, त्याने बाईंनाही समजावून पाहिलं, पण मालक नाही म्हणाला की त्यालाही सक्ती करता येत नाही. अंधार पडल्यावर मी पुन्हा हद्दीवर गेले. कुणी पाहत नव्हतं. गेले असते आणि आले असते. पण त्यांनी नाही म्हटलं होतं. सकाळी कावळे आले, मग गिधाडं.

चाळीसेक पौंड मांस गेलं. आमच्या घरात ते कांदा-लसूण मसाल्यात शिजतं, आणि जादा झालं तर 'हंटर्स शेअरिंग द हार्वेस्ट'मार्फत अन्नछत्रांना जातं. त्या हंगामात मी मादीचा दुसरा टॅग, म्हणजे आणखी एक मादी मारायचा परवाना, वापरला नाही. प्रायश्चित्त म्हणून नव्हे. माझ्या लेखी ती मादी मोजली गेली होती.

धनुष्य हातात घेण्याआधीची मी आज समोर असती, तर मला म्हणाली असती: जे तुझ्या हद्दीत मरेल याची खात्री नाही, ते मारायचा तुला हक्क काय? तिला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. त्या बाईंचा मला राग आला होता, अजूनही येतो, पण त्यांनी जे म्हटलं ते खोटं नव्हतं. मी मात्र त्या जुन्या मला उलट विचारते: आमच्या रस्त्यावरच्या प्रत्येकाने 'माझी जागा छोटी' म्हणून हात झटकले, तर ओकची रोपं कुणी राखायची? यावर तीही गप्प होते. मग आम्ही दोघी तिथेच अडकतो.

आता पूर्वेकडच्या अर्ध्या भागात मी बाण सोडत नाही. पश्चिमेच्या आणि उत्तरेच्या शेजाऱ्यांकडून दर ऑगस्टात लेखी परवानगी घेते की हरीण त्यांच्याकडे गेलं तर मी मागोमाग जाईन. म्हणजे अकराचे साडेपाच झाले. साडेपाचांत काय साधतं, असं तुम्ही पुढच्या दिवाळीत विचाराल. वर्षाला एखाददुसरी मादी. त्याने रान सावरेल का, हे जाळीबाहेर अजून तरी दिसलेलं नाही. सप्टेंबरात हंगाम उघडतो. त्याआधी मी त्या बाईंची बेल पुन्हा वाजवणार आहे, आणि त्या नाही म्हणाल्या तर पश्चिमेच्या मचाणावर बसणार आहे.