औषधाच्या खोक्यातला कागद

माझी लेक कुठलंही पान शेवटपर्यंत वाचत नाही. धड्याचा पहिला परिच्छेद, मग खिडकी, मग पेन्सिलीचं टोक, मग पुन्हा तोच पहिला परिच्छेद. त्याच मुलीने औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद, मुंगीएवढ्या अक्षरातला, दोन्ही बाजूंनी, दुष्परिणामांच्या यादीसकट वाचून काढला. तेव्हा ती नऊ वर्षांची होती, आणि ही ताकदीची गोळी आहे असं मी तिला सांगून ठेवलं होतं.

तिथवर कसे पोचलो ते आधी सांगतो.

दुसरीपासून प्रगतिपुस्तकावर एकच शेरा यायचा: ‘हुशार आहे, पण लक्ष नाही.’ घरात तिचं नाव ‘वेंधळी’ पडलं होतं. ते मीच ठेवलं होतं, लाडाने. एका सत्रात चार पाण्याच्या बाटल्या हरवल्या. वर जाऊन दप्तर आण, खिडकी लाव आणि येताना दिवा बंद कर, असं सांगितलं की ती वर जायची आणि वरच राहायची. पाहायला गेलो तर दप्तराच्या पट्ट्याची वीण निरखत बसलेली. मी ओरडायचो, ती दचकायची, आणि तिला खरंच वाईट वाटायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. ‘मनावर घेत नाही’ हे वाक्य मी तेव्हा दिवसातून किती वेळा म्हणत असेन, देव जाणे.

चौथीत वर्गाच्या बाईंनी आम्हाला बोलावलं. मी विचारलं, “वर्गात त्रास देते का?” त्या म्हणाल्या, “त्रास काहीच नाही हो तिचा. म्हणून तर इतके दिवस कोणाचं लक्ष गेलं नाही.” मग त्यांनी जपून, शब्द शोधत, एकदा तपासून घ्या असं सुचवलं. एडीएचडी, म्हणजे लक्ष टिकत नाही किंवा चंचलता आवरत नाही असा विकार, हा शब्द त्यांनी उच्चारलाही नाही, तो मीच घरी येऊन शोधला. आणि भडकलो. यांना शिकवता येत नाही म्हणून पोरीला आजार चिकटवतात! त्या रागात आमचे चार महिने गेले. ते कोणाच्या खात्यावर मांडायचे हे मला माहीत आहे.

हे सगळं हल्लीचं खूळ आहे हे सिद्ध करायला मी रात्री वाचत बसायचो. झालं उलटंच. लंडनमधल्या जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ साली अशा मुलांवर व्याख्यानं दिली होती, ज्यांची बुद्धी शाबूत पण लक्ष आणि आवर दोन्ही सुटलेले. चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरने १९३७ साली मुलांना बेन्झेड्रीन हे उत्तेजक औषध दिलं आणि त्यातली बरीच मुलं अभ्यासाला लागलेली पाहून तो स्वतःच चकित झाला. आज यासाठी सर्वांत जास्त दिलं जाणारं मिथिलफेनिडेट हे औषध लिआंद्रो पॅनिझ्झोन या रसायनशास्त्रज्ञाने १९४४ साली तयार केलं आणि त्याच्या ‘रिटालिन’ या व्यापारी नावात त्याच्या बायकोचं, रीताचं, नाव गोवलेलं आहे. खूळ म्हणावं तर ते माझ्या वडिलांच्याही जन्माआधीपासूनचं निघालं. नावं मात्र बदलत गेली. १९८० साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या वर्गीकरणात ‘एडीडी’, म्हणजे लक्षाच्या उणिवेचा विकार, आलं, १९८७ साली त्याचं ‘एडीएचडी’ झालं. त्या मधल्या ‘एच’ने, म्हणजे अतिचंचलतेने, आमच्यासारख्यांची पंचाईत केली. पळत सुटणारं मूल सगळ्यांना दिसतं. जागेवर शांत बसून हरवलेली मुलगी ‘स्वप्नाळू’ ठरते आणि मागे पडत राहते.

शेवटी बालमानसोपचारतज्ज्ञांकडे गेलो. एक रक्ताची चाचणी, एक स्कॅन आणि निकाल हातात, अशी माझी कल्पना होती. यासाठी तशी चाचणीच नसते. आधी कान आणि डोळे तपासले. झोप किती, घोरते का, हे विचारलं. वाचन-लेखनाची वेगळी चाचणी झाली, कारण अक्षरंच नीट लागत नसली तरी मूल खिडकीबाहेर बघतं. मग डॉक्टरांनी एक प्रश्न विचारला, तो मला तेव्हा विचित्र वाटला: “ती तंद्रीत असताना खांद्याला हात लावला तर लगेच भानावर येते का?” येते म्हटल्यावर त्यांनी मान डोलावली. फिटचा एक प्रकार असा असतो की मूल काही सेकंद नुसतं शून्यात बघतं, तेव्हा हाक मारून वा हात लावून उपयोग होत नाही. तो आधी बाजूला काढावा लागतो.

मग फॉर्म. बेध्यानपणाची नऊ लक्षणं, चंचलता-उतावळेपणाची नऊ. मुलांमध्ये दोहोंपैकी एका गटातली कमीत कमी सहा दिसायला हवीत, सहा महिने तरी, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी, आणि सुरुवात बाराव्या वर्षाआधीची हवी. एक फॉर्म बाईंना, एक मला, एक तिच्या आईला. मी जवळजवळ सगळीकडे ‘कधीकधी’वर खूण केली. तिच्या आईच्या फॉर्मवर ‘बहुतेक वेळा’ची रांगच होती, बाईंच्या फॉर्मशी अगदी जुळणारी. डॉक्टरांनी घरचे दोन्ही फॉर्म शेजारी ठेवले, थोडा वेळ पाहिले आणि मला विचारलं, “अभ्यास कोण घेतं तिचा?”

“हिची आई,” मी म्हणालो. बायको काही बोलली नाही. बोलायची गरजही नव्हती.

घराण्यात कोणाला असं होतं का, हेही विचारलं होतं. आईला फोन केला तर ती हसायलाच लागली. “अरे, तू शाळेतून एक चप्पल घालून आला होतास!” जुळ्यांच्या अभ्यासांवरून यातला अनुवंशाचा वाटा ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास मानतात. चपलेचा मी फॉर्ममध्ये उल्लेख केला नाही.

निदान झालं आणि खरी गंमत सुरू झाली. आतापर्यंत ज्यांना पोरगी कितवीत आहे हेही ठाऊक नव्हतं, त्यांना औषधाबद्दल ठाम मत होतं. एवढ्याशा जिवाला मेंदूच्या गोळ्या? सवय लागेल. दगड होऊन बसेल. दुसरी बाजूही तितकीच ठाम: द्या हो बिनधास्त, चष्म्यासारखंच आहे. हे चष्म्याचं उदाहरण मला कधीच पटलं नाही. चष्म्याने कोणाची भूक मरत नाही.

दोन्हीकडचे लोक एकाच अभ्यासाचा दाखला देतात, हे मला फार उशिरा कळलं. अमेरिकेत ५७९ मुलांवर केलेल्या त्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९९ साली आले. चौदा महिन्यांनंतर मुख्य लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेलं औषध नुसत्या वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे वागण्याच्या सवयी घडवणाऱ्या उपचारापेक्षा, सरस ठरलं. औषधवाले इथे थांबतात. त्याच मुलांना तीन वर्षांनी तपासलं तेव्हा वेगवेगळे उपचार मिळालेल्या गटांतला फरक उरला नव्हता. विरोधक इथून सुरुवात करतात. मी डॉक्टरांना हे विचारलं, जरा खोचकपणेच. ते म्हणाले, “दोन्ही खरं आहे. गोळी आज वर्गात बसायला मदत करते. त्या बसण्याचं पुढे काय करायचं, ते गोळी करत नाही.” व्यसनाचंही विचारलं. उत्तेजक औषध आहे, गैरवापर होऊ शकतो, म्हणून कुलपात ठेवा आणि कुणालाही देऊ नका. पण देखरेखीखाली घेतल्याने पुढे व्यसनाचा धोका वाढल्याचं दिसलेलं नाही. आणि फरक पडला म्हणजे निदान बरोबर, असा उलटा हिशोब करू नका, असंही बजावलं. ज्यांना हा त्रास नाही त्या मुलांचंही लक्ष उत्तेजकाने सुधारतं, हे १९७८ सालीच अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ ज्युडिथ रॅपोपोर्ट यांनी दाखवून दिलं होतं.

सुरू करण्याआधी नाडी, रक्तदाब, उंची, वजन मोजलं. घरात कोणाला लहान वयात हृदयविकार होता का, हे खोदून विचारलं. मात्रा अगदी कमी, मग दर आठवड्याला थोडी वाढवत जायची. बाईंनी दर शुक्रवारी छोटा फॉर्म भरायचा, पण मात्रा कधी वाढवली ते त्यांना सांगायचं नाही. मला ही युक्ती आवडली. पहिले दोन आठवडे त्यांच्या फॉर्ममध्ये ढिम्म फरक नाही. तिसऱ्या आठवड्यात त्यांनी रिकाम्या जागेत लिहिलं: ‘गणित पूर्ण केलं. सहा चुका. पण पूर्ण केलं.’

दुसऱ्या बाजूला, दुपारचा डबा जसाच्या तसा परत यायला लागला. आणि संध्याकाळी, औषध उतरायच्या वेळेला, क्षुल्लक कारणावरून रडारड. साधी गोळी चारेक तास टिकते, त्यामुळे शाळा सुटेस्तोवर ती संपलेली असायची. मग दिवसभर हळूहळू सुटणारी गोळी आली, न्याहारी गोळीच्या आधी आली, रात्रीचं जेवण वाढलं. वजन दोन महिने अडलं, मग हललं. हे लिहायला दोन ओळी लागल्या, घरात ते दिवस मोठे होते.

या सगळ्यात ‘तिला खरं सांगा, तिच्या भाषेत सांगा’ असं डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले होते. मी हो म्हणालो आणि ‘ताकदीची गोळी’ सांगून मोकळा झालो. शाळेत बोलेल, मुलं चिडवतील, अशी माझी कारणं होती. ती कारणं चुकीची नव्हती, हे पुढे दिसलंच. पण तिच्याशी खोटं बोलायला ती पुरेशी नव्हती.

एका रविवारी ती तो कागद घेऊन माझ्यासमोर उभी राहिली. घड्या उलगडलेल्या, एका कोपऱ्यावर पेन्सिलीच्या खुणा. “बाबा, भूक न लागणे, यात लिहिलंय. तुम्ही मला रोज रागावता की डबा का नाही खाल्ला.” मी काही बोलायच्या आत पुढची खूण. “डोकेदुखी. मला दुखतं कधीकधी. कोणी विचारलंच नाही.” आणि मग, कागद उलटा करून, “ताकदीचं यात कुठेच नाहीये.”

खरंच विचारलं नव्हतं. मी तिच्या आईला विचारत होतो, बाईंना विचारत होतो, रात्री जागून परदेशातल्या ५७९ मुलांची चौकशी करत होतो. त्या संध्याकाळी आम्ही दोघं जमिनीवर तो कागद पसरून बसलो. न समजलेले शब्द तिने विचारले, मला आलेले मी सांगितले, न आलेले डॉक्टरांना विचारायला वहीत लिहिले. पुढच्या भेटीत वही तिनेच उघडली. पहिला प्रश्न होता: ‘ही कायम घ्यायची का?’ डॉक्टरांनी तिच्याकडे बघून उत्तर दिलं, माझ्याकडे नाही. दरवर्षी एकदा थांबवून पाहू, गरज नसेल तर नाही.

शाळेचा अनुभव संमिश्र. वर्गाच्या बाईंनी तिला दाराखिडकीपासून दूर, पुढे बसवलं, फळ्यावरच्या सूचना चिठ्ठीवर दिल्या, एकावेळी एकच. परीक्षेत थोडा जादा वेळ मिळाला. पण दुसऱ्या एका विषयाच्या शिक्षकांनी, तिची वही राहिली म्हणून, भर वर्गात विचारलं, “आज गोळी घेतली नाहीस का?” मुलं हसली. पुढे आठवडाभर ती सकाळी गोळी जिभेखाली धरून मोरीत थुंकत होती. आम्हाला गोळी मोरीच्या जाळीवर सापडली. मी शाळेत गेलो तेव्हा तयारी भांडणाचीच होती. त्या शिक्षकांना आपलं काही चुकलं असं वाटतच नव्हतं. ते तर काळजीने बोलले होते, असं त्यांचं म्हणणं. गंमत म्हणजे हेच सद्गृहस्थ आधी म्हणाले होते, “आमच्या वेळी असलं काही नव्हतं, दोन छड्या पुरायच्या.” आधी आजार मान्य नाही आणि मग प्रत्येक चूक गोळीच्या नावावर. भांडलो थोडा. मुख्याध्यापिकांनी मधे पडून, औषधाचा विषय वर्गात निघणार नाही, असं सर्वांना सांगितलं.

यंदा ती सहावीत गेली. सुट्टीत गोळी थांबवून पाहिली, शाळा सुरू झाल्यावर पुन्हा सुरू केली, हे तिच्याच मताने. नव्या वर्गशिक्षिकांना भेटायला जातो म्हटलं तर म्हणाली, “थांबा, मी पत्र लिहिते.” लिहिलं. तीन ओळींचं:

‘मला एकदम तीन कामं सांगू नका, एक झालं की दुसरं सांगा. मी खिडकीकडे बघत असले तर खांद्याला हात लावा, मला चालतं. गोळीबद्दल सगळ्यांसमोर विचारू नका, एकटीला विचारा, मी खरं सांगते.’

पत्र पहिल्या दिवशी टेबलावर राहिलं. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी ते दाराशी, पाण्याच्या बाटलीशेजारी सापडलं, बाटलीसकट. मी हातात घेतलं, दप्तरात टाकावं असं मनात आलं, आणि परत ठेवून दिलं. चौथ्या दिवशी सकाळी ती बूट घालायला बसली आणि तिचा पाय अडला. आत घडी केलेलं पत्र होतं. रात्री तिनेच ठेवलं होतं.