तुम्ही विचारलंत म्हणून: एकाच गुग्गुळाच्या हजार गुट्या का नाही बांधत?

सोलापुरात गुटी (झाडावरच्याच फांदीला मुळं फोडून घ्यायची आणि मग ती तोडून रोप म्हणून लावायची) कुणाला समजावून सांगावी लागत नाही, सांगोला-पंढरपूरकडच्या किती डाळिंब बागा गुटीच्याच रोपांवर उभ्या आहेत. त्यामुळे मी गुग्गुळाच्या, म्हणजे औषधी डिंकाच्या या दुर्मिळ होत चाललेल्या झाडाच्या, गुट्या बांधतो म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, मग एक जोमदार झाड धरा आणि त्याच्याच हजार करा की, वाचला गुग्गुळ!

बांधायचं काम अवघड नाहीच. पावसाळ्यात पेन्सिलीएवढी जाड फांदी बघायची आणि पेराच्या जरा खाली दोन-तीन सेंटीमीटर साल गोल काढायची. गुग्गुळाची वरची साल कागदासारखी सुटते, खालून चिकट डिंक येतो, तो पुसायचा, आणि मग चाकूच्या पाठीने बुळबुळीत थर पार कोरडा होईस्तोवर खरवडायचा, कारण तो राहिला तर साल परत जुळते आणि तुम्ही दोन महिने नुसतं प्लॅस्टिक बघत बसता. आतलं लाकूड शाबूत असतं म्हणून पाणी वर चढत राहतं, पण पानांत तयार झालेलं अन्न खाली उतरताना वरच्या कापाशी अडतं आणि मुळं तिथंच फुटतात. तिथं रूटिंग हार्मोन लावायचं, भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (शेवाळ), वर प्लॅस्टिक, दोन्ही टोकांना सुतळी. झालं.

पण हजार गुट्या म्हणजे हजार झाडं नव्हेत हो, एकाच झाडाच्या हजार झेरॉक्स. डाळिंबात आपल्याला तेच पाहिजे असतं, भगवा जात म्हणजे भगवाच निघाला पाहिजे. आणि मग तेल्या रोग आला की एकाच रक्ताच्या बागेत त्याला अडवणारं वेगळं झाड कुठून येणार? शिवाय रोगट बागेतली गुटी आणली की रोग फुकटात घरी. आता गुग्गुळ तर आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत अतिधोक्यात, राजस्थान-गुजरातच्या कोरड्या भागात डिंकासाठी चिरा मारून मारून झाडं वाळवली, त्यात उरलेला सगळा एकाच झाडाचा केला तर वाचवलं काय? त्यात नर-मादी झाडं बहुधा वेगळी, म्हणजे मादीच्या कितीही गुट्या बांधा, नर काही निघायचा नाही.

म्हणून मी अनेक झाडांच्या थोड्या-थोड्याच बांधतो. प्रत्येक गुटीला लेबल, कुठल्या झाडाची, कुठल्या गावची. लेबल नसलेली गुटी कुणी फुकट दिली तरी घेत नाही, यावरून मला लोक खडूस म्हणतात, म्हणू देत.

आणि जिथं बी उगवतंय तिथं आधी बीच लावा. गुग्गुळाचं बी कमी उगवतं म्हणून हा सगळा खटाटोप, नाहीतर बियाच्या रोपाला सोटमूळ असतं, गुटीच्याला नसतं, आणि आपल्याकडच्या मुरमाड जमिनीत मे महिन्यात पारा 42 च्या वर गेला की तो फरक लगेच दिसतो. गुटीची रोपं पहिल्या पावसातच लावायची आणि पहिले एक-दोन उन्हाळे पाणी द्यायची तयारी असेल तरच न्यायची.