ब्रेन सर्किट शिकायचंय? आधी खेकड्याच्या तीस पेशी बघा

पीएचडीला नुकतीच लागलेली मुलं हल्ली विचारतात की ताई, ब्रेन सर्किटवर, म्हणजे मेंदूतल्या पेशींच्या जोडणीवर, काम करायचंय, आधी काय शिकू, पायथन की मशीन लर्निंग. मी प्रत्येकाला एकच सांगते, आधी एक छोटा प्राणी घे आणि एका न्यूरॉनचं, म्हणजे मज्जापेशीचं, विजेचं रेकॉर्डिंग स्वतःच्या हाताने कर, कोडिंग लागणारच आहे पण ते मागून येतं.

अमेरिकेत वुड्स होलला मरीन बायोलॉजिकल लॅबोरेटरी आहे, तिथे 1978 पासून उन्हाळ्यात न्यूरल सिस्टिम्स अँड बिहेवियर हा कोर्स होतो, 8 आठवड्यांचा. फिजिक्सवाले, इंजिनियर, बायोलॉजीवाले सगळे खांद्याला खांदा लावून रिगवर, म्हणजे रेकॉर्डिंगच्या टेबलावर, बसतात. मला हीच पद्धत बरोबर वाटते.

आता खेकडाच घ्या ना. त्याचं जठर हलवणारं एक गँगलियन, म्हणजे न्यूरॉनचा छोटा गुच्छ, असतं, त्यात जेमतेम 30 च्या आसपास न्यूरॉन, डिशमध्ये काढून ठेवलं तरी त्याचा ठेका चालू राहतो. कोणती पेशी कोणाला जोडलीये हे माहितीये, तरी पाण्यात थोडं डोपामीन हे मेंदूतलं रसायन सोडलं की ठेका बदलतो! या सर्किटवर काम करणाऱ्या न्यूरोसायंटिस्ट ईव्ह मार्डर यांच्या लॅबने 2004 मध्ये याच सर्किटची 2 कोटींवर कॉम्प्युटर मॉडेल्स चालवून दाखवलं की आतले आकडे, म्हणजे पेशींचे गुणधर्म आणि जोडण्यांची ताकद, पार वेगळे असले तरी ठेका जवळपास तोच येऊ शकतो. म्हणजे नुसता वायरिंगचा नकाशा पुरत नाही. 2024 मध्ये फळमाशीच्या मेंदूचा अख्खा नकाशा आला, जवळपास 1,39,000 न्यूरॉन, जबरदस्त काम आहे, पण त्याला नेमका प्रश्न काय विचारायचा हे कळायला आधी त्या तीस पेशींशी झटापट झालेली बरी.

आणि हाताचं काम म्हणजे काय तर पॅच क्लॅम्प, काचेची बारीक नळी पेशीला चिकटवून तिचा व्होल्टेज मोजायची पद्धत. काचेची नळी तापवून ओढायची, टोक साधारण 1 मायक्रॉनचं, पेशीजवळ जाताना तोंडाने नळीत हलकं फुंकत राहायचं, पेशीच्या पडद्यावर खळगा दिसला की फुंकणं सोडायचं, मग स्क्रीनवर रेझिस्टन्स 5 मेगाओमवरून चढत चढत गिगाओमच्या पुढे जातो, बारीकसा झुरका घेतला की पडदा फुटतो आणि उणे 65 मिलिव्होल्टच्या आसपासचा आकडा दिसतो. तो जिवंत पेशीचा व्होल्टेज असतो, आणि तो स्वतः मिळवलेला असला की पुढे कुठलाही डेटा बघताना माणूस विचारतो, हे खरंच पेशीतून आलंय का.

कारण आपल्याकडे घरातल्या विजेची 50 हर्ट्झची घरघर सगळीकडे घुसते. दिवसचे दिवस अर्थिंग शोधण्यात जातात, आणि हे शिकवणारं कोणी शेजारी लागतं, मॅन्युअल वाचून जमत नाही.

बंगळुरूला एनसीबीएस या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेत मेमरी आणि प्लास्टिसिटीवर चांगला कॉम्प्युटेशनल कोर्स होतो, पुण्यात आयसर या विज्ञान संस्थेत न्यूरोसायन्सच्या लॅब आहेत. पण तालुक्याच्या कॉलेजातल्या बीएस्सीच्या पोरीचं काय? मला तिचीच जास्त काळजी वाटते. तिच्यासाठी झुरळाचा पाय पुरतो, खरंच. झुरळ बर्फाच्या पाण्यात गार करायचं, एक पाय काढायचा, दोन टाचण्या टोचायच्या, छोटा अँप्लिफायर, स्पीकर, बस. पायावरचे काटे काडीने हलवले की न्यूरॉनची तडतड ऐकू येते. मग काडी बाजूला करायची आणि तडतड कमी होते का बघायचं, आवाज जसाच्या तसा राहिला तर ती विजेच्या वायरिंगची घरघर, मग आधी ट्यूबलाइट बंद करायची आणि अर्थिंग तपासायला घ्यायचं.