शाळेच्या रजिस्टरमधील एका नोंदीसाठी

"सदर विषय न्यायप्रविष्ट असल्याने निकालानंतर कार्यवाही करणे उचित राहील" असे एक वाक्य शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयातील टिपणीत लिहिले गेले आणि त्या वाक्यापायी माझ्या मुलाची शाळेतील नाव बदलण्याची फाइल संपूर्ण उन्हाळा आणि अर्धा पावसाळा एकाच टेबलावर पडून राहिली. ही गोष्ट 2023 सालची. आता नोंद झाली आहे, बोनाफाईडवर योग्य नाव आहे, तरीही ते वाक्य आठवले की राग येतोच. त्यामुळे या लेखात मी त्या टेबलापाशी जरा जास्त वेळ थांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवते.

माझ्या मुलाची जन्मनोंद मुलगी म्हणून झाली होती. आपण मुलगा आहोत, असे तो सहावीपासून सांगत होता. ते समजून घ्यायला आम्हा दोघांना किती काळ लागला, हा वेगळा विषय आहे आणि तो येथे मांडत नाही. आठवीत असताना त्याने ठरवले की नववीच्या हजेरीपटावर आपले जुने नाव नको, आणि तेथून कागदपत्रांचे काम सुरू झाले.

ट्रान्सजेंडर व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) अधिनियम, 2019 आणि त्याखालील 2020 चे नियम यांनुसार, आम्ही हे काम केले त्या वेळी, राष्ट्रीय पोर्टलवर अर्ज आणि प्रतिज्ञापत्र देऊन जिल्हाधिकाऱ्यांकडून ओळखीचे प्रमाणपत्र घेता येत असे. मूल अठरा वर्षांखालील असेल तर आई, वडील किंवा पालक अर्ज करू शकत. वैद्यकीय तपासणीची अट नव्हती. आमचे कागद समाजकल्याण कार्यालयामार्फत फिरले आणि प्रमाणपत्र आले. या टप्प्याविषयी तक्रार करण्यासारखे माझ्यापाशी काही नाही. खंत एकाच गोष्टीची आहे. प्रमाणपत्रावर लिंग 'ट्रान्सजेंडर' असे येत असे. 15 एप्रिल 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) प्रकरणाच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्वतःला पुरुष, स्त्री की तृतीयपंथी म्हणवून घ्यायचे, हे ठरवण्याचा हक्क त्या व्यक्तीचा मानला होता. कायद्याने मात्र 'पुरुष' किंवा 'स्त्री' अशी नोंद शस्त्रक्रियेशी जोडली. मुलाने प्रमाणपत्र वाचले आणि विचारले, "म्हणजे मुलगा कधी लिहिणार?" त्याला द्यायला माझ्याकडे उत्तर नव्हते. निदान नाव तरी बदलेल, एवढ्यावर आम्ही पुढे निघालो.

शाळेविषयी मला सरसकट वाईट बोलायचे नाही. वर्गशिक्षिकेने पहिल्याच भेटीत "कोणत्या नावाने हाक मारू?" असे विचारले आणि दुसऱ्या दिवसापासून त्याच नावाने हाक मारली. त्यासाठी तिने कोणत्याही परिपत्रकाची वाट पाहिली नाही. मुख्याध्यापकांची अडचण वेगळी होती. ते वाईट गृहस्थ नव्हते, परंतु "उद्या कोणी निवेदन घेऊन आले, तर मी काय सांगू?" हा त्यांचा प्रत्येक बैठकीतला प्रश्न असे. त्यांची भीती अगदीच निराधार होती असेही म्हणवत नाही, कारण शिक्षकांसाठी एनसीईआरटीने, म्हणजे शालेय शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेने, 2021 मध्ये काढलेली ट्रान्सजेंडर मुलांच्या समावेशनाविषयीची पुस्तिका राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आक्षेप घेतल्यावर काही दिवसांतच संकेतस्थळावरून उतरवण्यात आली होती. वर्गशिक्षिकेने तिची जपून ठेवलेली प्रत पुढे केली, तेव्हा मुख्याध्यापक म्हणाले, "बाई, जे वरच्यांनी मागे घेतले, ते मी कसे लावू?" त्यावर मी त्यांच्यापुढे 2019 च्या कायद्याचे कलम 13 ठेवले. शासनमान्य किंवा अनुदानित शिक्षणसंस्थेने ट्रान्सजेंडर विद्यार्थ्यांना भेदभावाविना शिक्षण, खेळ आणि करमणुकीची संधी द्यावी, असे ते कलम सांगते आणि ते कोणी संकेतस्थळावरून उतरवलेले नव्हते. पुस्तिका, मसुदे आणि धोरणे यांवर वाद घालत बसू नये, थेट कलम दाखवावे, हे मी तेव्हा शिकले. नव्या शैक्षणिक धोरणातल्या समावेशन निधीचा उल्लेख करून पाहिला होता. त्याला सगळ्यांनी मान डोलावली आणि पुढे काहीही झाले नाही.

स्वच्छतागृहाचा प्रश्न कागदावर किरकोळ दिसतो, प्रत्यक्षात मुलाला रोज छळणारा तोच होता. शाळेने शिक्षकांचे स्वच्छतागृह वापरण्याची परवानगी दिली, पण त्याची किल्ली कार्यालयात, लाकडी ठोकळ्याला बांधून खिळ्याला लटकवलेली असे. ती घ्यायची म्हणजे दरवेळी शिपायाला सांगायचे, त्याने "कशाला?" विचारायचे आणि बाकावर बसलेल्या चार पालकांनी वळून पाहायचे. मुलाने सकाळपासून पाणी पिणेच बंद केले. बाटली घरी भरलेली परत येते, हे माझ्या उशिरानेच लक्षात आले. उपाय शाळेतच होता: तळमजल्यावर दिव्यांग विद्यार्थ्यांसाठी बांधलेले स्वतंत्र स्वच्छतागृह होते आणि त्यात मोडके बाक, चुन्याची पोती व अडथळ्यांच्या शर्यतीचे लोखंडी सांगाडे भरून ठेवले होते. सखी सावित्री समितीवरच्या (विद्यार्थ्यांच्या सुरक्षिततेसाठीची शाळेतली समिती) एका बाईंनी एका शनिवारी स्वतः उभे राहून ते रिकामे करून घेतले. त्यानंतर त्याला कुलूप लावले जात नाही, ज्याला गरज आहे तो जातो आणि ज्यांच्यासाठी ते बांधले होते त्या दोन मुलांचीही सोय झाली.

आता मूळ मुद्द्याकडे येते. शाळेच्या जनरल रजिस्टरमधील नाव किंवा लिंग मुख्याध्यापक स्वतःच्या अधिकारात बदलू शकत नाहीत. शाळा प्रस्ताव पाठवते आणि शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी आल्यावर लाल शाईने दुरुस्ती होते. आमचा प्रस्ताव वार्षिक परीक्षेच्या आधी गेला. पहिली त्रुटी निघाली ती अशी: "सिव्हिल सर्जन यांचे लिंगविषयक प्रमाणपत्र जोडलेले नाही." मी नियमांची छापील प्रत नेऊन, वैद्यकीय तपासणीची गरज नसल्याचे वाक्य दाखवले. संबंधित लिपिकाने ते दोनदा वाचले, शेजारच्या टेबलावर दाखवले आणि म्हणाला, "ताई, तुमचे बरोबर आहे, पण साहेब सही करणार नाहीत." मग साहेबांना भेटायचे, तर साहेब व्हीसीवर (व्हिडिओ बैठकीत), व्हीसी संपली, तर साहेब पंचायत समितीत. अखेर लेखी उत्तर टपाल शाखेत देऊन पोच घेतली आणि ती त्रुटी वगळली गेली.

येथे एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर राहून जाईल. अशा कार्यालयात तोंडी काहीही सांगू नये आणि तोंडी काहीही ऐकून परतू नये. कागद आवक विभागात द्यावा, दुसऱ्या प्रतीवर शिक्का व क्रमांक घ्यावा आणि मगच टेबलाकडे जावे. क्रमांक नसलेला पालक हा तेथे केवळ गर्दीचा भाग असतो.

सिव्हिल सर्जनची अडचण सुटली, तोच 18 एप्रिल 2023 रोजी समलिंगी विवाहाच्या प्रकरणाची सुनावणी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे सुरू झाली. दूरचित्रवाणीवर रोज संध्याकाळी चर्चा, वर्तमानपत्रांत रोज मथळे, पालकांच्या व्हॉट्सअॅप गटात रोज कोणाचे तरी पुढे पाठवलेले संदेश. त्या प्रकरणाचा माझ्या मुलाच्या रजिस्टरमधील नोंदीशी तिळमात्र संबंध नव्हता. प्रश्न प्रौढांच्या विवाहाचा होता. माझा मुलगा तेरा वर्षांचा होता आणि त्याला केवळ हजेरीला आपल्या नावाने 'उपस्थित' म्हणायचे होते. परंतु कार्यालयाला कारण मिळाले. मी गेले, तेव्हा फाइलवर ते 'न्यायप्रविष्ट' असल्याचे वाक्य आलेले होते. मी विचारले, "कोणते प्रकरण?" लिपिक म्हणाला, "तेच हो, टीव्हीवर चाललेय ते." मी म्हटले, "ते लग्नाचे आहे." त्यावर त्याचे उत्तर होते, "विषय एकच ना शेवटी."

विषय एक नव्हता, हे मी किती प्रकारे सांगितले याची मोजदाद नाही. नालसा निकाल 2014 चा, कायदा 2019 चा, 10 जानेवारी 2020 पासून लागू झालेला, त्याच्या कलम 6 प्रमाणे प्रमाणपत्रानुसार लिंगाची नोंद शासकीय कागदपत्रांत करणे बंधनकारक, आणि नियमांप्रमाणे अर्ज आल्यापासून 15 दिवसांत बदल करून देण्याची मुदत. यांपैकी कशालाही स्थगिती नव्हती. समोरचा माणूस ऐकून घेत असे, मान हलवत असे आणि शेवटी म्हणत असे, "वरून काही आले, तर आम्ही अडकू." वरून काय येणार, कोण पाठवणार आणि कशावरून पाठवणार, हे त्यालाही माहीत नव्हते. मे महिन्यात सुनावणी संपून निकाल राखून ठेवला गेला, तर 'मार्गदर्शन मागविणे' हा नवा शेरा आला. मार्गदर्शन कोणाकडे मागवले, असे विचारले तेव्हा कळले की ते पत्र अद्याप लिहिलेच गेलेले नाही.

जूनमध्ये शाळा सुरू झाली. नव्या बाईंनी पहिल्या दिवशी हजेरीपटावरून जुने नाव मोठ्याने वाचले आणि मागच्या बाकावरून जे हसू उमटले, त्याविषयी मुलाने घरी एकच वाक्य सांगितले. ते वाक्य येथे लिहीत नाही. जुन्या वर्गशिक्षिकेने मधल्या सुट्टीत नव्या बाईंना गाठून नावापुढे पेन्सिलीने खूण करून दिली. सरकारी परवानगी येईपर्यंत त्या पेन्सिलीच्या खुणेवर आमचे चालले.

शेवटी माहिती अधिकाराचा उपयोग झाला. याचे श्रेय मी घेते, कारण तो मसुदा मी स्वतः रात्री बसून लिहिला होता. जोडपत्र 'अ' (माहिती मागण्याच्या अर्जाचा नमुना), दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट आणि तीनच मुद्दे: एक, सदर कार्यवाहीस स्थगिती देणाऱ्या न्यायालयीन आदेशाची प्रत, दोन, मार्गदर्शन मागवणाऱ्या पत्राची जावक क्रमांकासह प्रत, तीन, 2019 च्या कायद्याच्या कलम 11 नुसार या कार्यालयाने नेमलेल्या तक्रार अधिकाऱ्याच्या आदेशाची प्रत. माहिती अधिकारात 'का केले नाही' असे विचारू नये, त्याला उत्तर मिळत नाही. कागद मागावा, म्हणजे एकतर तो कागद द्यावा लागतो किंवा तो नाही, असे सहीनिशी लिहून द्यावे लागते. आम्हाला तिन्ही मुद्द्यांवर "सदर माहिती या कार्यालयाच्या अभिलेखात उपलब्ध नाही" असे उत्तर आले. ते उत्तर जोडून मी एक पानाचा अर्ज दिला आणि ज्या फाइलीला काही महिने पाय फुटत नव्हते, तिच्यावर त्याच आठवड्यात सही झाली. तो ऑगस्ट महिना होता. घटनापीठाचा निकाल 17 ऑक्टोबरला लागला. तो वाचताना एवढेच मनात आले की त्याची वाट पाहत बसलो असतो, तर नववीची सहामाहीही जुन्याच नावाने गेली असती.

राहून गेलेल्या दोन सूचना. शाळेत प्रस्ताव देण्याआधी आधार कार्ड दुरुस्त करून घ्यावे, कारण यू-डायसमधील (शाळा व विद्यार्थ्यांच्या माहितीची सरकारी संगणकीय नोंद) विद्यार्थ्याचे नाव आधारशी जुळले नाही, तर रजिस्टरमध्ये बदल होऊनही संगणकावर जुने नाव तसेच राहते. नावाचा बदल राजपत्रात छापून घेतलेला बरा. कायद्यात प्रमाणपत्र पुरेसे असले, तरी टेबलावरच्या माणसाला राजपत्राची ओळख असते आणि त्या पानापुढे तो वाद घालत नाही.

वर्गशिक्षिकेने एकदा विचारलेला प्रश्न मात्र अजून तसाच आहे. तिच्या वर्गातल्या एका मुलाला बाकीची मुले 'बायल्या' म्हणून चिडवत. त्याला कोणतेही नाव बदलायचे नव्हते, कोणता अर्ज भरायचा नव्हता. त्यामुळे त्याची फाइलच तयार होत नव्हती. शिक्षण हक्क कायद्याचे कलम 17 मानसिक छळाला बंदी करते, पण तो कायदा आठवीपर्यंतचा. माझ्या मुलापाशी दाखवायला निदान एक प्रमाणपत्र होते. त्या मुलासाठी तिने स्वतःच्या तासाला जे केले, तेवढेच झाले.

दहावीच्या वेळी मंडळाची प्री-लिस्ट, म्हणजे परीक्षार्थींची तपासून घेण्याची यादी, शाळेत आली, तेव्हा ती मी स्वतः जाऊन पाहिली आणि पाहिली म्हणून बरे झाले, कारण जुन्या माहितीतून जुनेच नाव पुन्हा उतरले होते. ज्यांनी हा सगळा खटाटोप केला आहे, त्यांनी ही यादी पाहिल्याशिवाय सही करू नये. शाळेच्या लिपिकाने परवानगीचे पत्र काढले, आमच्यासमोर दुरुस्ती नोंदवली आणि या वेळी कोणी कोणाचे मार्गदर्शन मागवले नाही.